प्लस बॉडीला

रविवार, ५

आधी सांगून टाकतो, म्हणजे पोट हलकं होईल. मामाच्या गाडीच्या दोन आणि तीन नंबरच्या प्लगच्या वायरींची मी अदलाबदल केली. सकाळी सव्वासातला, मामा दाढी करत होता तेव्हा. तोंडाने सांगायची हिंमत नाही म्हणून वहीत लिहितोय.

वही मामीची आहे. ती घरी शिवणकाम करते. पहिल्या चार पानांवर गिऱ्हाइकांची मापं आहेत, छाती, कंबर, बाही. त्यातली एक कंबर मामीची स्वतःची असावी असा मला संशय आहे, पण तो विषय मी काढणार नाही. मला जेवायला तीच वाढते.

मी इथे कसा, तर बारावीला दोनदा आपटलो. आई म्हणाली, जा मामाकडे, तो तुला वळण लावेल. दीड वर्ष झालं, मी आहे तसाच सरळ.

मामा पस्तीस वर्षं छापखान्यात मोठ्या यंत्रावर होता. आता घरी असतो आणि गाडी सांभाळतो. गाडी आकाशी रंगाची, गोल दिव्यांची, माझ्या आईपेक्षा वयाने मोठी. आणि मामाचा कान म्हणजे काय कान. पडवीत डोळे मिटून बसायचा आणि शेडमध्ये चालू असलेल्या इंजिनाबद्दल सांगायचा, "तीन नंबरचा प्लग ओला आहे." उघडून बघावं तर ओलाच. आमचा खेळच होता तो. मी काहीतरी ढिलं करायचं, त्याने बसल्या जागेवरून ओळखायचं, मग उठून माझा कान धरायचा. मी एकदाही जिंकलो नाही. हा खेळ वर्षभर झाला नव्हता, म्हणून म्हटलं आज करू. छापखान्यातले त्याचे चार जुने दोस्त फेरफटका मारायला येणार होते. मला वाटलं, मामा दहा सेकंदांत ओळखेल, चौघांसमोर भाव खाईल, माझा कान धरेल, संपला विषय.

तर गाडी चालू झाली आणि शिंकायला लागली. फट, फट, फुस्स. मामा वाकला. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं आणि मेकॅनिक कानाला लावतात ती लाकडी मूठ दातात धरली. असं करताना मी त्याला पहिल्यांदाच पाहिलं. चौघंही हसले, मीही हसलो. मग तो म्हणाला, "कार्ब्युरेटर आहे." मला वाटलं मस्करी करतोय. त्याने खरंच कार्ब्युरेटर खोलला. तासभर साफ केला आणि चावी तशीच चालू राहिली. परत लावला, सेल्फ मारला, मारला, मारला, आणि बॅटरी बसली. नुसतं टिक.

दोस्तांपैकी जाड्या म्हणाला, "काय रे, कान घरी विसरलास का?"

दुसरा म्हणाला, "घरीच तर आहे तो."

चौघं चहा पिऊन पायी स्टँडवर गेले. मी गुपचूप वायरी जागेवर लावल्या, पण तोवर उशीर झाला होता. चावी चालू राहिल्यामुळे कॉइल तापून फुगली होती आणि पॉइंट जळले होते. पॉइंट म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली दोन बारके धातूचे ठिपके असतात. ते उघडझाप करतात, दर उघडझापीला एक ठिणगी. मामा दर रविवारी ते घासतो आणि मधली फट छापखान्यातल्या पुठ्ठ्याच्या एका पट्टीने मोजतो. ती पट्टी तो पाकिटात ठेवतो, लोक फोटो ठेवतात तशी.

मामा संध्याकाळपर्यंत बॉनेट उघडं ठेवून उभा होता. मला एक शब्द बोलला नाही.


सोमवार, ६

चहाच्या वेळी मामा कपात बघत म्हणाला, "गाडी देऊन टाकतो. टोपीवाला तीन वर्षं मागे लागलाय. सव्वीसला येऊन घेऊन जाऊ दे."

माझ्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. मी बाजूलाच होतो. विचारलं, "का रे मामा?" उत्तर नाही. परत विचारलं. कपातच बघतोय. म्हणजे कळलंय त्याला, नक्की कळलंय. माझ्याशी बोलायचं सोडलंय.

मग मामी शिलाई टाकून उठली, त्याच्या समोर जाऊन उभी राहिली आणि टेबलावर बोट वाजवलं. "अहो, तो विचारतोय. का विकताय?"

"काम संपलं माझं त्यातलं. बिघाड समोर बोंबलतोय आणि मला कळत नाही. शोभेला ठेवू का?"

मामी परत मशीनवर बसली आणि एकाच शिवणीवर तीनदा शिलाई मारली.

हे माझ्यामुळे झालंय. सांगावं तर मामा घरातून हाकलेल, आई तिकडून हाकलेल, मग मी राहू कुठे, गाडीत? तीही टोपीवाला नेणार. म्हणून ठरवलं, सव्वीसच्या आत गाडी अशी करायची की तिच्यात बिघाड शोधायची वेळच येऊ नये.


बुधवार, ८

बरणीकाकांकडे गेलो. जुन्या गाड्यांच्या पार्टचं दुकान आहे त्यांचं, आणि सगळा माल काचेच्या बरण्यांत. लोणच्यासारखा बोल्ट काढून देतात.

"पॉइंट आणि कॉइल द्या," म्हटलं.

"पॉइंट देतो, पण दोन महिन्यांत परत जळतील. मामाला सांग, आता इलेक्ट्रॉनिक बसव."

"त्यात काय असतं?"

"पॉइंटच नसतात. एक चकती, तिच्यात चार चुंबकं. आणि ही काळी डबी."

डबी काडेपेटीपेक्षाही लहान. मी ती कानाशी नेऊन हलवली, काही वाजलं नाही. "मग ठिणगीला कसं कळतं कधी पडायचं ते?"

"चुंबक डबीसमोरून गेलं की डबीला कळतं."

"हात न लावता?"

"हात न लावता. तू वर्गात झोपलेला असताना मास्तर मागून आला की तुला कळायचं ना, तसं."

पटलं. मला नेहमी कळायचं. पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच. चुंबक येतं, जातं, कोणी कोणाला शिवत नाही, आणि तरी मिनिटाला हजारो ठिणग्या बरोबर वेळेवर. शाळेत हे कोणी सांगितलं असतं तर मी मागच्या बाकावर बसलोच नसतो. कदाचित.

सौदा असा ठरला. मी त्यांच्या चाळीस बरण्यांतले बोल्ट आटे बघून वेगळे करायचे, त्या बदल्यात डबी, कॉइल आणि नवीन बॅटरी. निघताना त्यांनी विचारलं, "गाडीला मायनस बॉडीला आहे ना?"

मी म्हटलं, "हो हो." प्रश्न कळला नाही की हो म्हणायचं, ही माझी जुनी पद्धत आहे.


शनिवार, ११

तीन दिवस बोल्ट. जुन्या गाडीचे बोल्ट इंचातले आणि नवीन गाडीचे मिलिमीटरमधले. दिसायला जुळे भाऊ, पण एकाचा नट दुसऱ्याला दोन आटे जातो आणि मग रुसतो. आता मी डोळे मिटून नखाने ओळखतो. बरणीकाका म्हणाले, "तुझ्यात काहीतरी आहे." मग मी बरण्यांच्या चिठ्ठ्या बदलून ठेवल्या ते त्यांना दिसलं, आणि म्हणाले, "किडे आहेत."


रविवार, १२

मामा आज शेडकडे फिरकला नाही. रविवार असून. दिवसभर रेडिओ, तोही एवढा मोठ्याने की शेजारची बाई कुंपणावरून ओरडली. मामी उठली, जाऊन कमी केला. पाच मिनिटांत परत तेवढाच.

मी मागून तीन वेळा हाक मारली, "मामा, चहा." ढिम्म. एवढा राग मी कोणाचा पाहिला नाही. आईसुद्धा चपला फेकते, पण बोलते तरी.


मंगळवार, १४

मामा दुपारी दोन ते चार झोपतो. ती माझी वेळ.

आधी बॅटरी. जुनीत दर रविवारी पाणी घालावं लागायचं, नवीनला झाकणंच नाहीत, पाणी नाही, काही नाही. पण ती उंचीला जास्त आहे. बॉनेट बंद केल्यावर तिची टोकं पत्र्याला लागली तर ठिणग्यांचं कारंजं उडणार. आणि बॉनेट बंद केल्यावर आत दिसणार कसं? बराच वेळ विचार केला. आत शिरून बघावं म्हटलं, तर डोकं मावेना.

मग मामीच्या परातीतून कणकेचा गोळा आणला, टोकांवर ठेवला, बॉनेट हळूच बंद केलं, परत उघडलं. गोळा चपटा झाला होता, पण फाटला नव्हता. करंगळीएवढी जाडी उरली. म्हणजे करंगळीएवढी जागा आहे. मी स्वतःवर इतका खूश झालो की गोळा परत परातीत नेऊन ठेवला. रात्री मामी म्हणाली, "कणकेला रॉकेलचा वास कसा?" मी म्हटलं, हवामान.

अजून एक गोष्ट. बॅटरीची प्लसची वायर कोणीतरी बॉडीला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला, बांधली होती. उलटी. जगातल्या सगळ्या गाड्यांना मायनस बॉडीला असतो, हे बरणीकाकांच्या प्रश्नावरून आता मलाही कळलं होतं. म्हटलं, बघा, गाडी शिंकणार नाही तर काय. मी ती सरळ केली. वायरींची टोकं बसेनात, एक घट्ट, एक ढिलं. घट्ट होतं ते स्क्रूड्रायव्हर घालून फाकवलं, ढिलं होतं त्यात पत्र्याची पट्टी कोंबली. बसलं.


बुधवार, १५

काळी डबी बसवली. चकती बसवली, नवी कॉइल बसवली. सगळं चित्रात होतं तसं. चावी फिरवली.

डबीतून बारीक धूर निघाला, सरळ वर, उदबत्तीसारखा. मग वास. मी चावी बंद केली आणि डबीला हात लावला. चटका बसला. बोट काळं.

शेडच्या दारातून पाहिलं, मामाच्या खोलीची खिडकी उघडी होती. पण तो झोपला असणार, चार वाजायचे होते.

जेवताना मी काळं बोट वाटीखाली लपवलं होतं. मामा ताटात बघत एकदम म्हणाला, "जुन्या गाड्यांचं सगळं उलटं असतं. प्लस बॉडीला."

मी काही विचारलं नव्हतं. मामीनेही नाही. म्हाताऱ्या माणसांना मध्येच काहीही आठवतं. त्याने भाकरी मोडली आणि पुढे जेवायला लागला. मी मात्र जेवू शकलो नाही. प्लस बॉडीला.


गुरुवार, १६

बरणीकाकांनी जळकी डबी नाकाशी धरली. "मी विचारलं होतं का नव्हतं?"

"विचारलं होतं."

"तू काय म्हणालास?"

"हो म्हणालो. दोनदा."

"बॅटरी फिरवलीस आणि बाकीच्या वायरी जुन्याच हिशोबाने ठेवल्यास, मग डबी जळणारच. आणि टोकं बसली कशी? प्लसचं जाड असतं, मायनसचं बारीक. उलटं लावताच येऊ नये म्हणून तर तसं केलंय."

"ठोकली."

बरणीकाकांनी जळकी डबी एका रिकाम्या बरणीत टाकली. मग म्हणाले, "ज्याने ती टोकं जाड-बारीक केली, त्याने तुझ्यासारख्याचा विचार केला होता. तरी कमी पडला तो." उलट्या गाड्यांसाठी वेगळी डबी मिळते, पण मागवावी लागेल. तेवीसला येईल. बदल्यात वॉशर. चाळीस बरण्या वॉशर.

घरी येऊन आधी बॅटरी परत उलटी केली, म्हणजे सरळ. नवी टोकं लावायला अर्ध्या इंचाचा पाना लागत होता. आठवडाभर तो मला कुठे दिसला नव्हता. आज बघतो तर मडगार्डवर, फडक्यावर, समोरच. मामी शेड आवरते वाटतं.


रविवार, १९

टोपीवाला गाडी बघायला आला. दारातून आत आला तरी टोपी काढत नाही, म्हणून टोपीवाला. जुन्या गाड्या घेतो, रंगवतो आणि लग्नांना भाड्याने देतो. ही गाडी, मामाची गाडी, फुलं लावून उभी राहणार.

तो गाडीभोवती फिरत सारखा बोलत होता. मामा पुढे, तो मागे. "सीट बदलावी लागेल. हे आरसे काढीन. आकाशी नाही चालणार, पांढरी करीन." मामा चकार शब्द बोलला नाही. टोपीवाला समोर आला की मान हलवायचा आणि हसायचा. टोपीवाला गोंधळला. स्वतःच म्हणाला, "बरं, आरसे राहू देतो." मामा हसला. "बरं, रंगाचंही बघू."

काय डोकं आहे मामाचं. मी आजवर घासाघीस पाहिली ती आरडाओरडा करून. ही गप्प राहून घासाघीस. टोपीवाल्याला घाम फुटला.

तो गेल्यावर मामी दारातच होती. मामाच्या समोर आली आणि म्हणाली, "पांढरी करणार म्हणत होता."

मामाचं हसू गेलं. "कधी म्हणाला?"

मला कळलं नाही. तिथेच तर म्हणाला.

संध्याकाळी बॉनेट उघडलं, तर चारही प्लगच्या वायरींवर रंगाचे ठिपके. एक ठिपका, दोन, तीन, चार. ओला रंग, बोटाला लागला. टोपीवाल्याला दाखवायला मामाने गाडी सजवली असणार. एवढं बारीक कोण बघतं, पण मामाचं सगळंच बारीक.


गुरुवार, २३

डबी आली. या वेळी बरणीकाकांनी माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं. प्लस बॉडीला, प्लस बॉडीला, प्लस बॉडीला.


शुक्रवार, २४

दुपारी अडीच. डबी बसवली. वायरी दोनदा बघितल्या, मग मामाचे ठिपके मोजून तिसऱ्यांदा. चावी फिरवायच्या आधी डबीवर बोट ठेवलं, गरम झाली तर लगेच कळावं म्हणून. मग आठवलं की एक हात डबीवर आणि एक चावीवर, एवढा लांब मी नाही. बोट काढलं.

फिरवली. गाडी पहिल्या झटक्याला चालू झाली. शिंक नाही, खोकला नाही. मी पाच मिनिटं नुसता ऐकत बसलो. पण काहीतरी बरोबर नव्हतं. वेग वाढवला की आतून कोणी फुटाणे भाजतंय असा आवाज. हे मलाही कळलं. टायमिंग. ठिणगी थोडी आधी पडतेय. डिस्ट्रिब्युटर कणभर फिरवायला हवा, पण किती आणि कुठल्या बाजूला? हे काम मामा कानाने करायचा. डोळे मिटून, गवई तंबोरा लावतो तसा.

बंद केली. मामाच्या खोलीची खिडकी उघडी होती. मी वाट बघितली, आता येईल धावत, एवढा आवाज झाला. आला नाही. चार वाजता उठून चहा मागितला.


शनिवार, २५

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

बरणीकाकांना टायमिंगचं सांगितलं. त्यांनी एक दिवा दिला, पिस्तुलासारखा. दोन चिमटे बॅटरीला लावायचे, तिसरा एक नंबरच्या प्लगच्या वायरीवर. ठिणगी पडली की दिवा लुकलुकतो. "खाली पुलीवर रेघ आहे, तिला खडू लाव. मग दिवा मार आणि बघ."

मारला. आणि काय सांगू. पुली गरागरा फिरतेय, बोट गेलं तर तुटेल अशी, आणि खडूची रेघ एका जागी उभी. हलत नाही. मी दिवा बंद केला, रेघ गायब. चालू केला, परत तिथेच. कारण दिवा फक्त ठिणगीच्या वेळी लागतो, आणि रेघ त्या वेळी दर वेळेला तिथेच असते. अर्धा तास मी फक्त हेच करत बसलो. चालू, बंद. पट्ट्यालाही खडू लावून पाहिलं, तो मात्र पळत सुटला.

मागे मामा उभा होता. किती वेळ, देव जाणे. मी ओरडा खायच्या तयारीत राहिलो. त्याने डबीकडे पाहिलं, बॅटरीकडे पाहिलं, प्लस बॉडीला आहे ते पाहिलं. मग हात पुढे केला. मी दिवा दिला.

तो वाकला. उजेड पुलीवर पडला, आणि मामाचं तोंड उघडंच राहिलं. साठीचा माणूस, पण जत्रेत पाळणा बघणाऱ्या पोरासारखा. "उभी आहे रे," म्हणाला. "रेघ उभी आहे." दुसऱ्या हाताने त्याने डिस्ट्रिब्युटर अगदी हळू फिरवला. रेघ सरकली. पत्र्यावरच्या खुणेजवळ आली, पुढे गेली, परत मागे आली, खुणेवर थांबली. फुटाण्यांचा आवाज गेला. मामाने माझ्याकडे पाहिलं, भुवया उडवल्या. मी मान हलवली, हो, गेला. मग त्याने इंजिन बंद केलं आणि नट आवळायला वाकला.

शेड एकदम शांत झाली. मामाची पाठ माझ्याकडे. मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. म्हटलं, "मामा, त्या रविवारी वायरी मीच बदलल्या होत्या. दोन आणि तीन."

पाना फिरत राहिला.

मी मोठ्याने म्हटलं, "मामा. मी केलं ते. तुझं काही चुकलं नव्हतं."

त्याने न बघता हात मागे केला. "फडकं दे."

फडकं दिलं. मग मी त्याच्या पाठीमागे टाळी वाजवली. आधी हळू, मग जोरात. छपरावरची कबुतरं उडाली. मामा हलला नाही.

एकेक आठवत गेलं. हाका, रेडिओ, दातातली मूठ, टोपीवाला. मामा माझ्यावर रागावलाच नव्हता. आणि त्या रविवारी तो हरला नव्हता, खेळ चालू आहे हेच त्याला ऐकू आलं नव्हतं.

मामा वळला. माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "काय रे, दात दुखतोय?"

मी म्हटलं, "हो." आणि त्याने माझं तोंड बघूनच ऐकलं, तेही मला दिसलं.

समोर उभं राहून परत सांगता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं. पण सांगून काय सांगणार? की दोन वायरी उलट्या होत्या, पूर्वी तू पडवीतून ओळखलं असतंस, आणि त्या रविवारी दातात मूठ धरूनही ओळखलं नाहीस? माझं पोट हलकं झालं असतं आणि त्याचं जड. गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदा.


रविवार, २६

टोपीवाला दहाला आला, एक माणूस आणि दोर घेऊन. गाडी ओढून न्यायची तयारी. मामाने त्याला बॉनेटजवळ उभं केलं, गाडी चालू केली आणि दिवा त्याच्या हातात दिला. "बघा."

टोपीवाल्याने पाहिलं. "हे काय?"

"रेघ. दिसतेय?"

"दिसतेय."

"मलाही दिसते. जोवर दिसते तोवर गाडी इथेच."

"अहो, पण तुम्ही हो म्हणाला होतात."

"मान हलवली होती. बोललो काही नव्हतो."

टोपीवाल्याने पहिल्यांदा टोपी काढली. आत काहीच नव्हतं, साधं टक्कल. दोर गुंडाळून गेला.

मग मामा म्हणाला, "चल, चक्कर मारू." मी मागे बसायला गेलो, तर म्हणाला, "पुढे बस. डावीकडे. आरसा लहान आहे गाडीचा, मागून कोणी हॉर्न दिला तर माझ्या गुडघ्यावर थाप मार."

आरसा चांगला ताटाएवढा आहे. मी म्हटलं, बरं.

मामी खिडकीत मशीनवर होती, तिने हात केला. गल्लीच्या तोंडाशी एका टेम्पोने हॉर्न दिला, मी थाप मारली, मामाने गाडी बाजूला घेतली. पुलावर दोन थापा. शाळेपाशी एक. परत येईपर्यंत मी सतरा थापा मारल्या. त्यातल्या तीन उगाच, गंमत म्हणून, आणि तिन्ही वेळा मामाने गाडी बाजूला घेतली. घरी उतरल्यावर त्याने माझा कान धरला आणि पिळला. "चौदाच होते," म्हणाला. आरशात बघत होता लबाड.

आता जे कोणी ही वही वाचत असतील त्यांच्या मी पाया पडतो. वायरींचं सांगायचं असेल तर खुशाल सांगा, माझ्या कानाला सवय आहे. पण मामाला ऐकू येत नाही, हे कोणाला सांगू नका. त्या छापखान्याच्या चौघांना नको. टोपीवाल्याला नको, परत दोर घेऊन येईल. बरणीकाकांनाही नको. आणि मामीला तर मुळीच नको, हात जोडतो. ती बिचारी साधं मीठ विचारायलासुद्धा शिलाई सोडून उठते, त्याच्या समोर जाऊन उभी राहते आणि सावकाश एकेक शब्द बोलते. तिला वाटतं त्याला सगळं ऐकू येतं. कळलं तर फार लागेल तिला.